वीस लिटर समुद्र

माझी पोरगी घरी परत यावी म्हणून मी बारा घोडे पाळायला घेतले. हसा, हसा. आमचा प्रशांत, माझा नवरा, तोही हसला होता, मग माझं तोंड बघून गप्प बसला.

घोडे म्हणजे समुद्रघोडे, त्यातही बुटके. करंगळीच्या पेराएवढा एकेक. रेणूनं, माझ्या दहा वर्षांच्या लेकीनं, ते कुठल्यातरी पुस्तकात बघितले आणि वेडी झाली. यांच्यात म्हणे बाप गरोदर राहतो. "आई, बाबा घोड्याच्या पोटात पिल्लं असतात, मालूम?" दीड वर्षात तिनं स्वतःहून माझ्याशी बोललेलं ते पहिलं लांब वाक्य होतं. त्याच संध्याकाळी मी टाकीचा विचार पक्का केला.

रेणू माझ्याजवळ राहत नाही. इथंच हैदराबादेत, हिमायतनगरला तिच्या आत्याकडे, माझ्या नणंदेकडे असते. कारण तिनं शाळेच्या डायरीत माझी खोटी सही केली आणि मी तिचं डावं मनगट मोडलं. पोळ्या करत होते, हातात लाटणं होतं. हातात झाडू असता तर झाडूनं मारलं असतं, पण लाटणं होतं. तेव्हापासून आमच्या घरात लाटणं नाही. प्रशांतनं ते कुठं नेऊन टाकलं, मी विचारलं नाही. मी भाकरी थापते, पोळ्या खायच्या झाल्या तर बाहेरून येतात.

मी तापट आहे, हे मला कुणी सांगायला नको. बरकतपुऱ्याच्या चौकात एका ऑटोवाल्यानं मला "ए अम्मा, अंधी है क्या" म्हणलं, तर मी त्याला ऑटोतून खेचून चपलेनं हाणलंय. चार माणसं लागली सोडवायला. माझे वडील केशवराव बैलाच्या कासऱ्यानं मारायचे, पाठीवर अजून वळ आहेत, पण ते सांगून मी सूट मागत नाही. माझा भाऊ त्याच कासऱ्याखाली वाढला आणि तो मुंगीसुद्धा बाजूला सारून चालतो.

गंमत अशी की कोठीच्या ज्या लॅबमध्ये मी रक्त काढते, तिथं माझ्या हाताचं नाव आहे. तान्ह्या लेकराची शीर मी एका टोचणीत धरते. लोक म्हणतात, त्रिवेणी मॅडमच पाहिजेत. तोच हात घरी आला की त्याला काय होतं, मला खरंच कळत नाही.

माधवीवन्संनी, म्हणजे नणंदेनं, सरळ सांगितलं होतं. "दर रविवारी नऊ ते पाच रेणू येईल. माझी आई घरात असताना. गुढीपाडव्यापर्यंत सगळं नीट झालं तर पाडव्याला ती कपडे घेऊन तुझ्याकडं राहायला येईल. एकदा जरी हात उचललास, त्रिवेणी, तर परत तिचं नाव काढायचं नाही." मी "हौ" म्हणलं. दुसरं काय म्हणणार? मोडलेलं मनगट माझ्या बाजूनं थोडंच बोलणार होतं.

घोडे मिळाले ओंकारकडून. हा पुण्याचा, संगणकातला, कोंडापूरला राहतो, फ्लॅटच्या एका खोलीत ह्यांचीच पैदास करतो. पहिल्याच फोनवर मला "काकू" म्हणला, तेव्हाच एक लगावणार होते. मग "ताई"वर आला. "ताई, आपल्या समुद्रातले घोडे पकडायला बंदी आहे, थेट तुरुंग. हे परदेशी जातीचे, माझ्याच टाकीत जन्मलेले, रीतसर नोंदणी असलेले." माझ्या लग्नाची नोंदणी झालेली नाही आणि ह्या किड्यांची आहे, म्हणलं वा.

दिवाळी झाली आणि कामाला लागलो. वीस लिटरची काचेची टाकी. समुद्राचं पाणी करायचं वेगळं मीठ येतं पिशवीतून, ते आरओच्या पाण्यात विरघळवायचं आणि क्षार मोजायचे. स्पंजचा फिल्टर, त्यातून बुडबुडे इतके हळू की मोजता यावेत, नाहीतर घोडे वाहून जातात. शेपटीनं धरायला हिरवं शेवाळ. एवढं करून ओंकार म्हणतो, "आता सहा आठवडे टाकी रिकामी चालवायची. चांगले जंतू वाढले पाहिजेत." सहा आठवडे! मी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत थांबत नाही. पण थांबले. रोज सकाळी उठून रिकाम्या पाण्याकडे बघत बसले, दात आवळून.

मग काचेवर पांढरे केसासारखे जीव उगवले. ओंकारनं भिंग लावून बघितलं आणि त्याचा चेहराच पडला. "ह्यांचा डंख असतो, ताई. मोठे घोडे कसेबसे तगतील, पिल्लं चिकटून मरतात." कुत्र्यांना जंतासाठी देतात ते औषध त्यानं मोजून आणलं. मला तेवढ्यानं समाधान होईना. लॅबमधली लांब सुई आणली आणि एकेकाला मुळापासून खरवडून काढलं. तासभर. प्रत्येकाला मनात शिवी देत होते. ओंकार बाजूला उभा राहून बघत होता. "ताई, इतक्या त्वेषानं नको," म्हणाला. त्वेष! हा शब्द मी शाळेनंतर पहिल्यांदा ऐकला. "तुमच्या पुण्यात कशानं मारतात, प्रेमानं?" म्हणलं. तेव्हा हसला.

डिसेंबर संपता संपता बारा घोडे आले. टाकीवर मी कागद चिकटवला: टाकीला कुणीही हात लावायचा नाही. त्रिवेणी. रेणूला मराठी वाचायला जड जातं, तिनं अक्षर अक्षर लावत तो वाचला आणि हात पाठीमागं बांधले. प्रशांतनं वाचला. माझ्या सासूबाईंनी, तारामतीबाईंनीही चष्मा पुसून वाचला. कुणी काही विचारलं नाही. आमच्या घरात मला कुणी काही विचारत नाही. तेव्हा मला वाटायचं, घरात शिस्त आहे.

ह्या घोड्यांना मेलेलं अन्न चालत नाही, डोळ्यासमोर हलणारंच पाहिजे. आर्टेमिया म्हणून बारीक जीव असतात, त्यांची अंडी खाऱ्या पाण्याच्या उलट्या बाटलीत हवा सोडून उबवायची. चोवीस तासांत तळाशी नारिंगी धूळ हलायला लागते. ती पिपेटनं सकाळ-संध्याकाळ सोडायची. घोडा शेवाळाला शेपटी गुंडाळून उभा असतो, बघतो, मान जराशी वळवतो, आणि टक्. गेला जीव. परत तसाच शांत. मला ते लई आवडायचं. खोटं कशाला बोलू, दिवसभरात तेवढंच बघावंसं वाटायचं.

रेणू रविवारी आली की माझ्यापासून दोन हात लांब बसायची. जेवताना दोन हात, टीव्ही बघताना दोन हात. मी पाणी प्यायला उठले तरी तिचे खांदे वर जायचे. ते बघून मला आधी राग यायचा, मग रडू यायचं, आणि दोन्ही गिळून मी स्वयंपाकघरात जायची. पण घोडे एवढेसे, लांबून दिसत नाहीत. बघायचं तर काचेला नाक लावावं लागतं. जानेवारीत ती टाकीच्या त्या टोकाला आणि मी ह्या टोकाला. फेब्रुवारीत मी पिपेट तिच्या हातात दिली. "थेंब थेंब सोड. त्यांच्या तोंडापुढं." तिचा हात माझ्यासारखाच आहे, जरासुद्धा हलत नाही. तिला सांगितलं तसं, तर हसली आणि मग लगेच हसू पुसून टाकलं.

पिल्लं झाली ती रविवारीच. बाबा घोडा सकाळपासून कमरेतून वाकत होता, पोट टरारलेलं. आणि एकदम पोटातून डासाएवढे जीव उडायला लागले. "आई, चूडू! आई, बघ ना, चूडू!" रेणू तेलुगूत ओरडली आणि तिनं माझं कोपर धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट. मोडलेल्या डाव्या हातानंसुद्धा. चौदा पिल्लं होती, मोजायला आम्हाला अर्धा तास लागला, आणि तेवढा वेळ तिनं माझं कोपर सोडलं नाही. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

त्या संध्याकाळी माधवीवन्सं तिला न्यायला आल्या, तेव्हा रेणू जिन्यात म्हणाली, "आत्या, पाडवा कधी आहे?" मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला पाहिजे होती. मार्च लागला, हैदराबादचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. पाणी गार राहावं म्हणून टाकीवर छोटा पंखा लावला होता. ओंकारनं बजावलं होतं, पंख्यानं रोज पेला-दीड पेला पाणी वाफ होऊन उडेल, तेवढं आरओचं घालत जा. मी घालायला जायची तर पाणी रोज आधीच खुणेवर. क्षार मोजले तर तेही बरोबर. म्हणलं, आपण झाकण कसं झकास बसवलंय. स्वतःवरच खूश. लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलंसुद्धा.

पाडव्याच्या सकाळी सहाला टाकीचा दिवा लावला. काच साफ ठेवायला सोडलेल्या दोन गोगलगायी काचेवरून सुटून तळाला उताण्या पडल्या होत्या. पिल्लं दिसेनात, मग दिसली, तळाला, चिमूटभर कचरा पडावा तशी. मोठे आठ घोडे आडवे. चार शेवाळाला धरून होते, पण तोंडं उघडी. मी पिपेट फेकली, ती भिंतीवर फुटली. प्रशांत धावत आला. त्याला सांगितलं, ओंकारला फोन कर, आत्ताच्या आत्ता, रेणू नऊला यायचीय.

ओंकार साडेआठला आला, नवा कुर्ता घालून, बिचारा सणासुदीचा. पाण्याचे पाच-सहा थेंब बाटलीत घेतले, औषध टाकलं. रंग चढायला लागला. रंग वाचायला मला कुणी शिकवायची गरज नाही. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं.

"तांबं आहे, ताई. पाण्यात तांबं उतरलंय. माणसाला काही होत नाही, ह्यांना ते विष. आधी गोगलगायी जातात, मग पिल्लं. आणि हे एका दिवसाचं नाही हो. महिना-दीड महिना रोज थोडं थोडं जात असणार."

तेवढ्यात जिन्यात आवाज आला. रेणू आणि माधवीवन्सं. रेणूच्या पाठीवर तिचं दप्तर आणि हातात कपड्यांची निळी बॅग. दारात येऊन ती थांबली, कारण सगळेच टाकीभोवती उभे होते. "काय झालं?" वन्सं म्हणाल्या.

ओंकार बाटली धरून उभा होता. तो वाईट माणूस नाही, हे मला आज कळतं, तेव्हाही कळत होतं. पण त्याचे घोडे मेले होते आणि तो चिडला होता. म्हणाला, "तुम्हाला शंभरदा बजावलं होतं. तुमच्याच हातून काहीतरी झालेलं आहे. चूक माझी आहे, हे काम तुमच्या स्वभावाचं नव्हतंच. जिवंत गोष्ट तुमच्या हातात द्यायलाच नको होती."

रेणूसमोर म्हणाला. वन्संसमोर म्हणाला.

दाराशी गुढीची काठी टेकवलेली होती, अजून उभी करायची होती, तेल लावून पुसून ठेवलेली. ती माझ्या हातात कधी आली ते मला आठवत नाही. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला. दुसरा कानावर. चष्मा उडून टाकीत पडला. तो "अहो, अहो" करत हात वर धरत होता आणि मी त्या हातांवर मारत होते. बोटांवर, कोपरांवर. नव्या कुर्त्यावर रक्त उडालं. मी काय ओरडत होते माहीत आहे? "माझ्या हातात द्यायला नको? माझ्या हातात द्यायला नको?" एक फटका टाकीला लागला, काच तडकली, पाणी फरशीवर वाहायला लागलं. प्रशांतनं मागून धरलं तर त्याला कोपरानं हाणलं. काठी मधोमध मोडली तेव्हा थांबले. ओंकार भिंतीला टेकून खाली बसला होता, कान धरून, आणि बोटांच्या मधून रक्त येत होतं.

"कुणी घातलं पाण्यात?" मी म्हणलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "घरातल्या कुणी घातलं? बोला!"

सासूबाई देवघराच्या दारात उभ्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, कडुलिंबाच्या काडीसारखी. गुढीवर ठेवायचा लहानसा तांब्या त्यांच्या हातात होता, चिंचेनं घासून लखलखीत केलेला, आणि तो कलंडून आतलं पाणी पदरावर सांडत होतं.

रेणूनं आजीकडं बघितलं. तांब्याकडं बघितलं. मग तिनं बॅग खाली ठेवली. डोळ्यांवरचा चष्मा काढला, त्याच्या दांड्या नीट मिटल्या आणि फ्रिजवर ठेवला, मागच्या बाजूला, पडणार नाही असा. आणि पुढं येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"मी घातलं, आई. तांब्यातलं पाणी. आजीला माहीत नाही."

लॅबमध्ये आकडेमोड करणारी बाई मी. रविवारी रविवारी येणारी पोरगी रोज पाणी कशी घालेल, एवढं कळायला किती अक्कल लागते? पण माझा हात माझ्या अकलेला विचारून जात नाही. तो गेला. सगळ्या जोरानिशी तिच्या गालावर बसला. आवाज जिन्यापर्यंत गेला असेल.

ती रडली नाही. पडलीसुद्धा नाही. पाय आधीच रोवून उभी होती.

"मी घातलं ग!" सासूबाई किंचाळल्या. तांब्या हातातून सुटला आणि गडगडत गेला. "मी घातलं, लेकराला नको मारू! तुळशीला अर्घ्य देते तसं रोज ह्यालाही दिलं. तांब्याभर. समुद्र घरात आलाय म्हणलं, त्याला पाणी द्यावं. वरूनच घातलं, टाकीला हात लावला नाही. तुला विचारायचं होतं. दहादा विचारायचं होतं, त्रिवेणी. भ्याले ग."

मी फ्रिजवरचा चष्मा बघत उभी राहिले. मला ओरडावंसं वाटत नव्हतं, रडावंसंही वाटत नव्हतं. माझी मलाच किळस आली होती, एवढंच.

माधवीवन्सं ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी रेणूचा गाल बघितला, ओला रुमाल लावला. प्रशांतनं ओंकारला टॉवेल दिला आणि दवाखान्यात नेतो म्हणाला. ओंकारनं ते ऐकलं नाही. एका हातानं टॉवेल कानाला दाबून त्यानं दुसऱ्या हातानं उरलेले चार घोडे एकेक करून स्वतःच्या बाटलीत घेतले. सुजलेल्या बोटांनी त्याला टोपण लावता येईना. मी पुढं झाले तर त्यानं बाटली छातीशी धरली. मग प्रशांतनं टोपण लावलं आणि दोघं खाली गेले. पोलिसात जायचं तर जा, मी नाही म्हणणार नाही, असं मी जिन्यात म्हणलं. कुणी मागं वळून बघितलं नाही.

रेणूनं चष्मा घातला. बॅग उचलली, ती उघडलेलीच नव्हती. दारापर्यंत गेली आणि तिथं थांबून तिनं वन्संना विचारलं, मला नाही, "आत्या, आजीला पण नेऊ या?"

सासूबाई म्हणाल्या, "नको ग बाळा, माझं काय, मी इथं राहीन की." आणि असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. परवानगी मागायला बघितलं. वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडं कितीदा असं बघितलं असेल, मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

मी आत गेले. त्यांची पिशवी भरली. चार साड्या, बीपीच्या गोळ्या, गुडघ्याचं तेल, पोथी. दुपारची गोळी जेवणानंतर, हे कागदावर लिहिलं. बाहेर येऊन पिशवी सासूबाईंच्या हातात द्यायला गेले, तर रेणू दारातून परत आली आणि आजीच्या पुढं उभी राहिली. मी पिशवी फरशीवर ठेवली आणि दोन हात मागं सरकले. मग तिनं ती उचलली.